नळाचे पाणी शुद्ध आहे

आमच्या नगरपरिषदेत दवंडी देणारे एक गृहस्थ होते. हुद्दा शिपायाचा, पण शिपाई म्हटलेलं त्यांना खपत नसे. नाव दौलत. सगळं गाव दौलत दवंडीवाला म्हणे आणि ते दर वेळी दुरुस्ती करत, "दौलतराव म्हणा जी. आवाज सरकारचा आहे, नावाले त मान द्या." ऑफिसात मी त्यांना अरे-तुरेच करत असे. बडेबाबूनं शिपायाला अहो-जाहो करायची तिथं रीत नव्हती. आता लिहायला बसलो तर ते अरे-तुरे हातून उतरत नाही.

गाव वर्धा जिल्ह्यातलं. आर्वीच्या अलीकडे की पलीकडे ते लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मी तिथं कार्यालय अधीक्षक होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत बडेबाबू. दौलतराव गावभर जे सांगत फिरत, ते आधी माझ्या टेबलावर लिहिलं जाई. उद्या नळ येणार नाही, रविवारी पोलिओचा डोस आहे, घरपट्टी भरा, मोकाट गुरं आवरा. अक्षर माझं, सही मुख्याधिकारी साहेबांची आणि आवाज त्यांचा. तिघांपैकी गाव ओळखत होतं ते फक्त आवाजाला.

दिसायला ठेंगणे, छाती रुंद. वैशाखातसुद्धा खाकी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कोटाच्या एका खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या असत. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला की द्रोणावर हात आडवा धरत आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणत, "आवाजाले आंबट चालत नाई." त्यांची बायको एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती, "बाई, त्याइच्या दुसऱ्या खिशात पाहा कधी. चिचा असतेत."

मध्यंतरी नगरपरिषदेनं भोंगा विकत घेतला. दौलतरावांनी तो हातात धरून पाहिला, उलटा करून आत डोकावले आणि परत टेबलावर ठेवला.

"काऊन रे, काय झालं?" मी विचारलं.

"याच्यातून बोललो त लोकाइले वाटन सिनेमा आला. बायका पोरं घेऊन भाईर येतीन अन् म्या सांगावं का घरपट्टी भरा. बरं दिसन का, बडेबाबू?"

भोंगा मग निवडणुकीपुरता उरला. दौलतराव आपली पितळी घंटा घेऊन फिरत राहिले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. सुरुवात झेंडा चौकातून, मग बाजार, एसटी स्टँड, शाळा आणि शेवट वेशीवरच्या हनुमानाच्या देवळापाशी. प्रत्येक ठिकाणी आधी घंटा. मग "ऐका हो, गावकरीहो." मग माझा मजकूर, सावकाश, प्रत्येक शब्दाला बसायला जागा देऊन. शेवटी "मुख्याधिकारी साहेबांच्या हुकुमावरून हो." आणि मग पुन्हा एक टोला. हा शेवटचा टोला पडेपर्यंत दवंडी संपली नाही असं धरत. झेंडा चौकातला किराणावाला बन्सीलाल तराजू तसाच हवेत धरून उभा राही. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणे, "रुको ना भाऊ, अभी टोला कहाँ पडा."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा मोठी गंमत झाली. गावातले एक माजी आमदार आजारी होते. कुणा नगरसेवकानं बातमी आणली की ते गेले. तो दौलतरावांना म्हणाला, दवंडी दे, कागद मागून पाठवतो. मी त्या दिवशी रजेवर होतो. दौलतरावांनी कागदाशिवाय दवंडी दिली, आणि अशी दिली की बाजार बंद झाला, कापसाच्या बैलबंड्या अर्ध्या वाटेवरून वळल्या, बायका पदर तोंडाला लावून आमदारांच्या घरी निघाल्या. आमदार अंगणात खाटेवर बसून संत्रं सोलत होते. रडत आलेल्या प्रत्येकाला त्यांनी दोन-दोन फोडी दिल्या. दौलतराव भीत भीत गेले तेव्हा म्हणाले, "काय आवाज लागला होता रे तुया. मलेच रडू आलं."

गाव हसून विसरलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव टोपी न घालता निघाले. आणि उलटे निघाले. आधी हनुमानाचं देऊळ, मग शाळा, स्टँड, बाजार, शेवटी झेंडा चौक. प्रत्येक ठिकाणी घंटा वाजवून सांगितलं, "काल सांगितलं ते खोटं होतं. आमदार साहेब जिवंत आहेत. सांगणारा मी, दौलत. लिहिणारा कोणी नव्हता. मी ते परत घेतो." मग टोला.

ही रीत त्यांच्या बापाची. बाप कोतवाल होता. चुकीची दवंडी परत घ्यायची तर जिथं ती शेवटी पोचली तिथून सुरुवात करायची आणि जिथून निघाली तिथं आणून मिटवायची. सांगणारा कोण आणि लिहिणारा कोण, दोघांची नावं घ्यायची. मी हसून म्हणालो होतो, "एवढं कशाला? लोकांना कळलंच आहे." ते म्हणाले, "लोकाइले कळलं, पण दवंडीले कुठं कळलं? ज्या तोंडानं गेली त्याच तोंडानं वापस याले पाहिजे."

त्यानंतर त्यांनी कागदाशिवाय एक अक्षर उच्चारलं नाही. कागदाच्या बाबतीत तर ते वेड लागल्यासारखं करत. बाजाराच्या दिवशी गिरडच्या दर्ग्याहून परतणाऱ्या एका कुटुंबाचं पोरगं स्टँडवर हरवलं आणि दौलतरावांना सापडलं. तर हे गृहस्थ पोराला खांद्यावर घेऊन थेट ऑफिसात आले. मी जेवत होतो.

"बडेबाबू, कागद द्या. पोरगं सापडलं म्हणून."

"अरे, जाऊन ओरड ना. आई रडत असेल त्याची."

"तुम्ही लिहा न जी. दोन ओळी."

मी खरकट्या हातानं लिहिलं. कागदावर वरणाचा डाग पडला. त्यांनी तो फुंकून वाळवला, पोराचे पाय छातीशी घट्ट धरले आणि जाता जाता म्हणाले, "तुमच्या अक्षरात असलं का मले भीती नाई वाटत." हे वाक्य मला तेव्हा कौतुकाचं वाटलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, गावात कावीळ आली.

आधी शाळेतली मुलं. मग त्यांच्या आया. घराघरांत काविळीच्या माळा गळ्यात दिसू लागल्या. माळ रोज लांबते, लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली असं आमच्याकडे मानतात. उसाच्या रसासाठी रांगा लागल्या. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नगरपरिषदेला कळवलं की आधी पाणी बघा. म्हणून साहेब, मी आणि आमचा फिटर अजाबराव असे तिघं बाजारामागच्या नाल्यावर गेलो. नवी पाइपलाइन तिथून नाल्याखालून जात होती. ती नुकतीच पडली होती, मोठ्या पाहुण्यांच्या हातून उद्घाटन झालं होतं, आणि त्या तारखेच्या घाईत शेवटचे जोड कसेतरी बसवले होते हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. अजाबरावानं खड्डा खणला, हात घालून जोड चाचपला, हात वर काढून हुंगला आणि तोंड फिरवलं. सांगायची गरज नव्हती. नाल्याचं पाणी लाइनीत जात होतं.

साहेबांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "उद्या जोडून घ्या. बोलायचं नाही. पाण्याचं नाव निघालं तर मोर्चा येईल, चौकशी लागेल, उद्घाटनापर्यंत जाईल सगळं." ऑफिसात आल्यावर मला म्हणाले, "शाळेसमोर ती बाई गोळा विकते ना? पोरं तिथंच खातात. तसं लिहा."

ती बाई म्हणजे वेणूबाई. एकटी बाई, हातगाडीवर बर्फाचा गोळा आणि पन्हं विकायची. मी लिहिलं की उघड्यावरचा बर्फाचा गोळा खाल्ल्यानं कावीळ पसरत आहे, नागरिकांनी तो खाऊ नये. एवढंच लिहायला मला सांगितलं होतं. पण मजकूर अर्धवट वाटला. गोळ्याचं लिहिलं तर लोक पाण्याचं विचारतील, मग त्याचंही उत्तर त्यातच असावं, असा विचार करून मी आपल्या मनानं खाली एक वाक्य जोडलं: नळाचे पाणी शुद्ध आहे. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. उद्या तर जोड बसणारच आहे, मग वाक्य खरंच होईल, असा माझा हिशोब होता. चांगला मजकूर लिहितो अशी माझी ख्याती होती.

जोड दुसऱ्या दिवशी बसला नाही. लागणारा भाग नागपूरहून यायचा होता, तो यायला आठवड्याच्या वर दिवस गेले. तोपर्यंत नळ रोज येत होता.

दौलतरावांनी ती दवंडी मन लावून दिली. मी खिडकीतून ऐकली. "नळाचे पाणी शुद्ध आहे" हे शब्द त्यांनी एखादी चांगली बातमी द्यावी तसे म्हटले. संध्याकाळपर्यंत वेणूबाईची गाडी कुणी तरी उलटी केली होती. दुसऱ्या दिवशी आमच्याच माणसांनी ती जप्त करून ऑफिसच्या आवारात आणून टाकली. लाल, हिरव्या, पिवळ्या बाटल्या तशाच होत्या. वेणूबाई दोन दिवस फाटकाशी येऊन उभी राहिली. मग अल्लीपूरला भावाकडे निघून गेली.

दौलतरावांच्या शेजारच्या घरची शालू तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या लहानपणी ती त्यांच्या मागे घंटा धरायला धावायची. दवंडी देऊन घरी आलेल्या दौलतरावांना तिनं कुंपणापलीकडून विचारलं, "काका, पाणी उकळून पेऊ का? आई म्हणते, गॅस संपत आला."

"कायले उकळतं बाई? शुद्ध आहे म्हणून कागदात लिवलं आहे. पे बिनधास्त."

हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. काविळीचं असं असतं की पाणी आज प्यावं आणि डोळे महिन्यानं पिवळे व्हावे. गावातली साथ ओसरली, जोड बसला, साहेब निश्चिंत झाले, तेव्हा शालूचे डोळे पिवळे झाले. गरोदर बाईला ही कावीळ झेपत नाही. तिच्या आईनं माळ घातली होती. ती पोटापर्यंत यायच्या आत सेवाग्रामच्या इस्पितळात नेताना वाटेत सगळं संपलं. ती गेली, पोटातलंही गेलं.

घाटावरून परतताना अजाबरावाला राहवलं नाही. त्यानं दौलतरावांना खड्ड्याचं सांगितलं.

मला हे ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात जिल्ह्याहून चौकशीचं पथक आलं. जीपमधून एक तरुण डॉक्टरीणबाई उतरल्या. साहेबांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. त्या चांगल्या होत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी सरळ विचारलं, "इतक्यात पाइपलाइनची काही दुरुस्ती झाली का?"

दौलतराव चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. मी म्हणालो, "नेहमीची देखभाल. विशेष काही नाही."

साथ बाहेरच्या उघड्या खाद्यपदार्थांमुळे आली असं नोंदवून पथक गेलं. आजही सरकारदरबारी तसंच आहे. म्हणून इथं स्पष्ट लिहितो: ती साथ गोळ्यानं आली नाही, नळातून आली. मी खड्डा पाहिला होता. साहेब वारले, अजाबराव वारला. पाहिलेला आता मीच उरलो आहे.

पथक गेल्यावर दौलतरावांनी कप गोळा केले. चहा कुणी प्यायला नव्हता. ते म्हणाले, "मले वाटलं, तुम्ही सांगान."

मी फायलीत डोकं घातलं.

"शालूनं मले इचारलं होतं जी. म्या कागदाच्या भरवशावर सांगितलं." आणि कुंपणापाशी झालेलं ते बोलणं त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. आवाज अजिबात चढवला नाही. "आता मले दुसरा कागद द्या. दवंडी परत घेतो. वेणूबाईचं नाव मोकळं करतो."

"तो कागद माझ्या हातात नाही, दौलत. साहेबांची सही लागते."

"सही नको. तुमचं अक्षर पुरे."

"नोकरी जाईल."

"कोनाची?"

मी पेनाला टोपण लावलं. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं, पेन्शन दिसू लागली होती. ही कारणं तेव्हा फार मोठी दिसत होती. दौलतराव म्हणाले, "बरं. घाई नाई. लिहून ठेवजा. मी इचारत जाईन."

आणि ते विचारत राहिले. रोज नाही. पण दवंडीचा कुठलाही कागद न्यायला आले की तो वाचून घेत, घडी करत आणि जाता जाता अगदी सहज म्हणत, "अन् तो दुसरा?" मी म्हणे, "बघू." घरपट्टी असो, कुत्र्यांचा बंदोबस्त असो, "अन् तो दुसरा?" पुढे पुढे ते तोंडानं विचारेनासे झाले. नुसते क्षणभर थांबत. साहेब बदलून गेले, दुसरे आले, तिसरे आले. कुणाच्याही हाती तो खड्डा आता लागणार नव्हता. माझी मुलगी सासरी गेली. तरी मी लिहिलं नाही. भीती संपली तेव्हा लाज होती, आणि लाजेनं जास्त वर्षं खाल्ली.

पण कागद घेतल्यावर ते आता आधी मला विचारत, "हे तुम्ही पाहिलं का?" पाणी येणार नाही असं लिहिलं तर स्वतः टाकीवर जाऊन येत. दवंडी उशिरा निघते म्हणून त्यांना दोनदा मेमो मिळाला. त्यांनी मेमोही मोठ्यानं वाचून दाखवला, ऑफिसातल्या ऑफिसात, घंटेशिवाय. सगळे हसले. ते हसले नाहीत.

आवारात वेणूबाईची गाडी गंजत होती. मुंगळे लागून लागून बाटल्या कोरड्या झाल्या. लिलावात भंगारवाल्यानं ती उचलली त्या दिवशी दौलतरावांनी रजा घेतली होती.

माझ्या आधी काही महिने ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना बोला म्हटलं, तर ते म्हणाले, "कागद नाई," आणि बसले. लोकांना विनोद वाटला.

त्या सुमारास माहितीच्या अधिकाराचा कायदा आला होता. पेपरात रोज काही ना काही येई. एक दिवस दौलतराव माझ्या घरी आले. मी तेव्हाही झेंडा चौकात, बन्सीलालच्या दुकानावरच्या खोल्यांत राहत होतो. पहिल्यांदाच वर आले. खुर्चीवर न बसता दाराशी टेकले.

"आता कायदा आला म्हणतेत. सरकारले माहिती मागता येते."

"हो. अर्ज करायचा. मी सांगतो कसा करायचा ते."

"मले माहिती कायले पाहिजे, बडेबाबू? मले माहिती आहे. तुमालेही आहे." ज्येष्ठमधाची काडी त्यांनी या गालातून त्या गालात नेली. "सरकारनं सांगाले पाहिजे. म्या मागून काय होते?"

माझ्या बायकोनं पन्हं आणलं. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं आणि नको म्हणाले. तिला वाटलं, आवाजासाठी.

"अल्लीपूरले गेलतो," ते म्हणाले. "वेणूबाईले सारं सांगून आलो. ते म्हणे, मले काय सांगता भाऊ, मले त पयलेच माहीत होतं. गावात सांगा."

मी म्हणालो, "इतकी वर्षं झाली दौलत. कोण लक्षात ठेवतं."

ते उठले. जिना उतरताना कठड्याला धरावं लागत होतं.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो. दुरून घंटा ऐकू आली. नगरपरिषदेची दवंडी तेव्हा रिक्षातून, टेपवर फिरत असे. घंटा कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. आवाज वेशीच्या बाजूनं येत होता. थोड्या वेळानं तो शाळेकडून आला, मग स्टँडकडून. शब्द कळत नव्हते. कळायची गरजही नव्हती. दवंडी उलटी येत होती.

बायको ओट्याशी होती. ती हात पुसत बाहेर आली. "दौलतरावांचा आवाज ना हा?" मी पेपर खाली ठेवला नाही. ती म्हणाली, "इकडेच येताहेत. खाली जा." तिला मी कधी काही सांगितलं नव्हतं.

मी खाली गेलो नाही. गॅलरीच्या दारापर्यंत गेलो.

ते चौकात आले. डोक्याला टोपी नव्हती, केस पांढरे झालेले, खाकी कोट अंगावर सैल पडलेला. हातात कागद नव्हता. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, मधेच फाटत होता. मोबाइल घेतलेली दोन-चार पोरं मागे हसत चालली होती. त्यांनी घंटा वाजवली.

"ऐका हो, गावकरीहो. त्या उन्हाळ्यात कावीळ आली, तवा म्या इथूनच सांगितलं का वेणूबाईच्या गोळ्यानं आली अन् नळाचं पाणी शुद्ध आहे. ते खोटं होतं. कावीळ नळातून आली होती. वेणूबाईचा काही दोष नव्हता. लोक मेले ते त्या पाण्यानं मेले. मी ते परत घेतो. सांगणारा मी, दौलत."

पोरं हसायची थांबली. पुढचं मला पाठ होतं.

"लिहिणारा," ते म्हणाले आणि त्यांनी वर पाहिलं.

मी दाराची चौकट धरून उभा होतो. त्यांना मी दिसत होतो. नाव त्यांना घेता आलं असतं. लिहिणारा कोणी नव्हता असंही म्हणता आलं असतं, एकदा म्हटलं होतं. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. शब्दाला बसायला जागा द्यायचे तसे थांबून राहिले. खाली बन्सीलाल तराजू धरून उभा होता. पारड्यात गूळ होता आणि गिऱ्हाईक गप्प होतं.

मग दौलतरावांनी घंटेत हात घालून आतला लोलक मुठीत धरला, वाजू नये म्हणून, आणि घंटा काखेत घेतली.

"हो गया क्या, दौलतराव?" बन्सीलालनं विचारलं. त्यांना राव म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"नाई," ते म्हणाले. ते बाजाराच्या दिशेनं चालू लागले, मूठ तशीच घंटेत. वळणावर दिसेनासे झाले तरी बन्सीलालनं तराजू खाली ठेवला नव्हता.